भंग व शिणवटा, पदार्थांचा

भंग व शिणवटा, पदार्थांचा : बाह्य प्रेरणांच्या क्रियेमुळे घन पदार्थात नवे पृष्ठभाग निर्माण होऊन त्याचे दोन वा अधिक तुकडे होणे, याला भंग म्हणतात. जो भार एकदा लावल्याने एखाद्या भागाला काहीही इजा होत नाही, तोच भार पुनःपुन्हा लावला व काढला गेल्यास काही काळानंतर तो भाग तुटू शकतो. या क्रियेस शिणवटा व अशा तुटण्यास शिणवट्याने होणारा भंग म्हणतात. यंत्रांच्या फिरत्या वा हलत्या भागांच्या मोडतोडीचे सर्वांत नेहमीचे कारण शिणवटा हे असून आगगाडीचे आस, विमानाचे पंख व कवच, पूल, स्प्रिंगा, दातेरी चाके या सर्वांच्या अभिकल्पात (आराखड्यात) त्याचा विचार करावा लागतो. हाडे, दात, कीटकांचे पंख यांसारख्या जैव पदार्थांनाही हेच यामिकीय नियम लागू पडतात. मात्र सजीव हाड आपल्यातील सूक्ष्म तडे स्वतः भरून काढू शकते. धातूच्या सामान्य यंत्रभागाला ते शक्य नसते. या विषयातील संशोधनाचे सार असे की, पूर्णपणे निर्दोष पदार्थ व्यवहारात मिळत नाही; म्हणून सुरक्षितता ही तडा नसण्यावर अवलंबून न राहता तडा किती मोठा आहे, तो किती वेगाने वाढतो व तो घातक होण्यापूर्वी कसा सापडेल, या ज्ञानावर अवलंबून असते.

मूलभूत संकल्पना : पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या अंतर्गत प्रेरणेस प्रतिबल व मूळ लांबीच्या मानाने लांबीत होणाऱ्या बदलास विकृती म्हणतात. पदार्थ कायमचा वाकण्यापूर्वी अथवा तुटण्यापूर्वी जितके प्रतिबल सहन करतो ते त्याचे सामर्थ्य होय. तडा वाढू न देण्याच्या क्षमतेस चिवटपणा म्हणतात. सामर्थ्य व चिवटपणा हे दोन भिन्न गुणधर्म आहेत. काचेचा नवा तंतू सामर्थ्याने पोलादाच्या तोडीचा असतो, पण त्यावर बारीक ओरखडा पडला की तो सहज मोडतो. पुष्कळ धातूंच्या बाबतीत उष्णता संस्करणाने सामर्थ्य वाढविले की चिवटपणा कमी होतो. अनेक अपघातांच्या मुळाशी या दोन गुणधर्मांतील गल्लत होती.

भंगाचे स्थूलमानाने दोन प्रकार करतात. तन्य भंगात तुटण्यापूर्वी पदार्थ पुष्कळ ताणला जातो, त्याची मान बारीक होते आणि तुटलेला पृष्ठभाग निस्तेज व तंतुमय दिसतो. ठिसूळ भंगात असा पूर्वसंकेत मिळत नाही. तडा पदार्थातील ध्वनिवेगाच्या बऱ्याच मोठ्या अंशाइतक्या वेगाने धावतो व पृष्ठभाग चकचकीत, दाणेदार दिसतो. शिणवट्याच्या भंगात दोन्ही लक्षणे एकत्र आढळतात. तडा हळूहळू वाढलेला भाग गुळगुळीत असून त्यावर, ओहोटीच्या वेळी पुळणीवर पाण्याच्या रेषा राहतात तशा, एकात एक वक्ररेषा दिसतात. उरलेला भाग अखेरीस एकदम तुटल्यामुळे खडबडीत असतो. वक्ररेषांच्या केंद्राशी तड्याचा उगम असतो. त्यामुळे मोडलेला तुकडा हाच अपघाताच्या चौकशीतील मुख्य पुरावा ठरतो.

इतिहास : भाराखाली तुळया कशा मोडतात याचे विवेचन गॅलिलिओ यांनी १६३८ मध्ये केले होते. शिणवट्याकडे लक्ष गेले ते मात्र खाणी व आगगाड्या यांमुळे. जर्मनीतील क्लाउस्टाल येथील खाणींत वापरल्या जाणाऱ्या लोखंडी साखळ्यांवर व्हिल्हेल्म आल्बेर्ट यांनी पुनःपुन्हा भार लावून प्रयोग केले आणि १८३७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आस मोडला, मागील डबे एंजिनावर चढले व त्यांना आग लागली. डब्यांची दारे बाहेरून बंद असल्याने ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्षानुवर्षे नीट चाललेला आस नेहमीच्याच भाराखाली का मोडावा, हा प्रश्न या अपघाताने अभियंत्यांपुढे उभा केला. हादऱ्यांमुळे तंतुमय लोखंडाचे ‘स्फटिकीकरण’ होऊन ते ठिसूळ बनते, असा समज त्या काळी रूढ होता. स्कॉटिश अभियंते डब्ल्यू. जे. एम्. रँकिन यांनी मात्र मोडलेले आस तपासून, आसाची जाडी जेथे एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून तडा आत शिरत जातो, असे १८४३ मध्ये दाखविले व हा कोपरा गोलाकार करण्याचा उपाय सुचविला. तो आजही वापरात आहे.

शिणवट्याचा पद्धतशीर अभ्यास प्रशियातील रेल्वे अभियंते आउगुस्ट व्हलर यांनी १८५० नंतरच्या दोन दशकांत केला. भाराखाली फिरणाऱ्या आसाचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला व एकदा दाबला जातो. व्हलर यांनी अशा फिरत्या नमुन्यांवर निरनिराळी प्रतिबले लावून ते किती आवर्तनांनंतर मोडतात ते मोजले. मोडण्याचे कारण प्रतिबलाचे कमाल मूल्य हे नसून त्यातील चढउताराचा आवाका हे आहे, तसेच पोलादाच्या बाबतीत एका ठराविक मर्यादेखाली भंग होत नाही, असे त्यांना आढळले. या मर्यादेस शिणवटा-मर्यादा म्हणतात. सामान्य पोलादात ती ताण-सामर्थ्याच्या सु. निम्मी असते. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते. आवर्तनांची संख्या केवढी मोठी असते याची कल्पना पुढील हिशोबावरून येईल. ९१·५ सेंमी. व्यासाचे चाक एका किमी. मध्ये सु. ३४८ फेरे घेते. म्हणजे १ कोटी आवर्तने केवळ २९,००० किमी. प्रवासात पूर्ण होतात.

शिणवट्यात धातूच्या आत काय घडते, याचा उलगडा जे. ए. यूइंग व जे. सी. डब्ल्यू. हंफ्री यांनी १९०३ मध्ये सूक्ष्मदर्शकाने केला. धातूच्या काही कणांमध्ये अणूंचे थर एकमेकांवरून घसरून पृष्ठभागावर बारीक पट्टे उमटतात. आवर्तने वाढतील तसे हे पट्टे दाट व रुंद होतात आणि अखेर त्यांतूनच तडा निघतो. यामुळे स्फटिकीकरणाची उपपत्ती मागे पडली. लोखंड मुळातच स्फटिकी असते व भंगामुळे ते केवळ उघडे पडते.

तड्याचे यामिकी : तड्याला इतके महत्त्व का, याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. १९१३ मध्ये सी. ई. इंग्लिस यांनी ताणलेल्या पत्र्यातील लंबवर्तुळाकार छिद्राभोवतीच्या प्रतिबलाचे गणित मांडले. वर्तुळाकार छिद्राच्या कडेला प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते. ताणाला आडव्या असलेल्या व रुंदीच्या दहापट लांब छिद्राच्या टोकाशी ते २१ पट होते. टोक जितके अणकुचीदार तितके प्रतिबल अधिक. मात्र या हिशोबाप्रमाणे अगदी अणकुचीदार तडा असलेली कोणतीही वस्तू अल्पशा भाराने मोडावयास हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही.

ही अडचण फार्नबरो येथील विमानविद्येच्या संशोधन संस्थेत काम करणारे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये सोडविली. तडा वाढल्याने भोवतालच्या पदार्थात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी होते, पण नवे पृष्ठभाग निर्माण करण्यासाठी ऊर्जा खर्चही होते. मोकळी होणारी ऊर्जा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, तर खर्च लांबीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून एका क्रांतिक लांबीपर्यंत तडा स्थिर राहतो व ती ओलांडताच तो आपोआप धावू लागतो. ग्रिफिथ यांनी काचेचे उत्तरोत्तर बारीक तंतू ओढून तपासले. जाड काचेचे सामर्थ्य सु. १७० मेगॅपास्काल होते, तर ३·३ मायक्रॉन व्यासाच्या तंतूचे सु. ३,४०० मेगॅपास्काल भरले. बारीक तंतूत मोठा तडा मावत नाही, हे त्याचे कारण होय.

धातूंमध्ये तड्याच्या टोकाशी आकार्य (कायम टिकणारी) विकृती होऊन पुष्कळच अधिक ऊर्जा खर्च होते. हे लक्षात घेऊन अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील जॉर्ज आर्. अर्विन यांनी १९५७ मध्ये ग्रिफिथ यांच्या सिद्धांताला अभियंत्यांना उपयोगी पडेल असे रूप दिले. त्यांनी मांडलेला प्रतिबल-तीव्रता गुणक हा सरासरी प्रतिबल व तड्याच्या लांबीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. हा गुणक पदार्थाच्या भंग-चिवटपणाइतका झाला की भंग होतो. भंग-चिवटपणा मेगॅपास्काल गुणिले मीटरचे वर्गमूळ या एककात मोजतात. त्याचे मूल्य काचेसाठी सु. ०·७, विमानाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंसाठी सु. २० ते ४० आणि चिवट पोलादासाठी १०० वा अधिक असते.

या नियमाचा व्यावहारिक अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पत्र्याच्या मध्यभागी असलेल्या तड्याची अर्धी लांबी विचारात घेतल्यास, १०० एकक चिवटपणाचे पोलाद २०० मेगॅपास्काल प्रतिबलाखाली सु. ८ सेंमी. अर्धलांबीचा तडा सहन करते. ५० एकक चिवटपणाच्या अधिक सामर्थ्यवान पोलादाचा पुरेपूर उपयोग करण्यासाठी त्यावर ६०० मेगॅपास्काल प्रतिबल येऊ दिले, तर क्रांतिक तडा केवळ २·२ मिमी. उरतो. पहिला तडा नुसत्या डोळ्यांनी दिसेल. दुसरा रंगाच्या थराखाली सहज दडून राहील. तेव्हा अधिक सामर्थ्याचा पदार्थ वापरला म्हणजे रचना अधिक सुरक्षित होतेच असे नाही.

ठिसूळ भंग : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या सु. २,७०० ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांपैकी अनेकांच्या पत्र्यांना मोठे तडे गेले व काही जहाजे दुभंगली. १६ जानेवारी १९४३ रोजी ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे गोदीच्या संथ पाण्यात उभे असतानाच मधोमध तडकले. या जहाजांचे पत्रे रिव्हेटांऐवजी वितळजोडाने सांधलेले होते. रिव्हेटांच्या बांधणीत तडा एका पत्र्याच्या कडेशी थांबत असे. सलग वितळजोडात त्याला अडथळा उरला नाही. केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर यांनी मूळ दोष पोलादाचा असल्याचे दाखविले. एका ठराविक तापमानाखाली हे पोलाद तन्य न राहता ठिसूळ बनते व उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात ते त्या तापमानाखाली जात होते. खाच पाडलेल्या नमुन्यावर लंबकाचा आघात करण्याची जी. शार्पी यांची १९०१ मधील कसोटी त्यानंतर जहाजाच्या पोलादासाठी महत्त्वाची ठरली. आगगाडीचे रूळ हिवाळ्याच्या पहाटे तुटण्याचे प्रमाण वाढते ते अंशतः याच स्वरूपाच्या कारणाने. थंडीने आकसू पाहणारा लांब जोडरूळ ताणाखाली येतो आणि त्यात आधीपासून असलेला शिणवट्याचा तडा क्रांतिक होतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरही याचा अनुभव येतो.

ओहायओ नदीवरील पॉइंट प्लेझंट येथील ‘सिल्व्हर ब्रिज’ हा १९२८ मध्ये खुला झालेला पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या वर्दळीत कोसळून ४६ जण मरण पावले. पूल तोलणाऱ्या उच्च सामर्थ्याच्या पोलादी पट्ट्यांपैकी एकीच्या डोळ्यात सु. २·५ मिमी. खोलीचा तडा होता. संक्षारण व बदलते प्रतिबल यांमुळे तो चाळीस वर्षांत वाढला होता. जोड सुटा केल्याशिवाय ही जागा दिसणे शक्य नव्हते आणि प्रत्येक दुव्यात दोनच पट्ट्या असल्याने एक तुटताच सबंध पूल गेला. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांची ठराविक काळाने तपासणी करणे कायद्याने बंधनकारक झाले.

शिणवट्याची वाढ : शिणवट्याचे आयुष्य दोन भागांत विभागतात : तड्याचा उगम व तड्याची वाढ. उगम बहुधा पृष्ठभागावरील खाच, ओरखडा, छिद्राची कड, गंजाचा खड्डा किंवा धातूतील परकीय कण यांपाशी होतो. पी. सी. पॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६३ या काळात असे दाखविले की, एका आवर्तनात होणारी तड्याची वाढ ही प्रतिबल-तीव्रता गुणकाच्या चढउताराच्या एका घाताच्या प्रमाणात असते. धातूंसाठी हा घातांक साधारणतः २ ते ४ असतो. घातांक ३ धरल्यास प्रतिबलाचा आवाका दुप्पट होताच वाढीचा वेग आठपट होतो. मृत्तिका पदार्थांत हा घातांक फार मोठा असल्याने त्यांच्या आयुष्याचा अंदाज बांधणे कठीण जाते. जर्मनीत वोल्फ एल्बर यांनी १९७० च्या सुमारास असे दाखविले की, ताण पूर्ण निघण्यापूर्वीच तड्याच्या बाजू मागील विकृतीमुळे एकमेकींना टेकतात. म्हणून एखादा मोठा भार येऊन गेल्यावर तडा काही काळ मंदावतो. निरनिराळ्या आकारांच्या भारांची एकत्रित हानी मोजण्यासाठी ए. पाल्मग्रेन (१९२४) व एम्. ए. मायनर (१९४५) यांनी सुचविलेला बेरजेचा नियम सोपा म्हणून वापरतात. परंतु तो भारांचा क्रम लक्षात घेत नाही.

कॉमेट विमानांचे अपघात : शिणवट्याच्या इतिहासात ब्रिटिश ‘कॉमेट’ या पहिल्या प्रवासी जेट विमानाचे प्रकरण विशेष बोधप्रद आहे. १९५२ मध्ये ते सेवेत आले. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ एक विमान हवेतच फुटून ३५ जण व ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे फुटून २१ जण मृत्यू पावले. उंचीवर विमानाच्या आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात कवच एकदा फुगते व पुन्हा सैल होते. फार्नबरो येथे आर्नल्ड हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली एक सबंध विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पाण्याच्या दाबाने ही क्रिया पुनःपुन्हा घडविण्यात आली. हवेऐवजी पाणी वापरल्याने कवच फुटले तरी स्फोट होत नाही व तड्याचा मार्ग शाबूत राहतो. प्रत्यक्ष व कृत्रिम मिळून ३,०५७ उड्डाणांइतकी आवर्तने होताच कवच खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले. अपघातग्रस्त विमानांनी अनुक्रमे १,२९० व ९०० उड्डाणे केली होती.

उत्पादकांनी अगोदर घेतलेल्या चाचणीत मात्र कवचाच्या नमुन्याने १५,००० हून अधिक आवर्तने सहन केली होती. त्याच नमुन्यावर आधी सामर्थ्याची परीक्षा म्हणून नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त दाब देण्यात आला होता, हे या विसंगतीचे कारण होते. त्या दाबाने छिद्रांच्या कडा कायमच्या ताणल्या जाऊन दाब काढल्यावर तेथे संपीडक प्रतिबल शिल्लक राहिले व तड्याचा उगम लांबला. प्रवासी विमानांच्या कवचांना हे संरक्षण मिळालेले नव्हते. चाचणीचा नमुना व प्रत्यक्ष वस्तू यांचा पूर्वेतिहास सारखा असला पाहिजे, हा धडा यातून मिळाला. असे संपीडक प्रतिबल मुद्दाम निर्माण करणे, उदा., पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करणे, हा आता शिणवटा लांबविण्याचा प्रचलित उपाय आहे.

अभिकल्पाची धोरणे : शिणवट्याविरुद्ध तीन धोरणे क्रमाने विकसित झाली. पहिल्यात भागाचे आयुष्य प्रयोगाने ठरवून त्याच्या एका अंशानंतर तो भाग, चांगला दिसत असला तरी, बदलतात. दुसऱ्यात एक भाग तुटला तरी शेजारचा भाग भार पेलू शकेल अशी रचना करतात. तिसऱ्यात प्रत्येक भागात पहिल्या दिवसापासून तपासणीत न सापडणारा तडा आहे असे गृहीत धरतात व तो क्रांतिक होण्यापूर्वी निदान दोन तपासण्या होतील असे वेळापत्रक आखतात. २२ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकी वायुसेनेच्या एफ्-१११ विमानाचा पंख सु. १०० तासांच्या उड्डाणांनंतरच, घडाईत राहून गेलेल्या दोषामुळे तुटला. त्यानंतर हे तिसरे धोरण त्या वायुसेनेने सक्तीचे केले.

तपासणीसाठी श्राव्यातीत तरंग, क्ष-किरण, चुंबकीय कण, रंगीत भेदक द्रव व आवर्त विद्युत् प्रवाह या पद्धती वापरतात. भारतीय रेल्वेत रूळ व आस यांची तपासणी श्राव्यातीत तरंगांनी करतात. तथापि तपासणीची व्यवस्था शिथिल झाल्यास कोणतेही धोरण अपुरे पडते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील १९ वर्षांच्या एका बोइंग ७३७ विमानाच्या कवचाचे छत उड्डाणात उडून गेले व विमानसेविका मरण पावली. या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. खाऱ्या हवेत पत्र्यांचा चिकटजोड सुटला, सर्व भार रिव्हेटांवर आला आणि ओळीने असलेल्या अनेक छिद्रांतील लहान लहान तडे एकमेकांस मिळाले. यातील प्रत्येक तडा एकटा असता तर निरुपद्रवी ठरला असता. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे वेगवान गाडीच्या चाकाची पोलादी धाव शिणवट्याने तुटून १०१ जणांचा बळी गेला.

जैव पदार्थ : हाडात वजनाने सु. ६५% खनिज (हायड्रॉक्सिॲपेटाइटाचे अतिसूक्ष्म स्फटिक) व उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी असतो. खनिज एकटे ठिसूळ व कोलॅजेन एकटे मऊ असते. परंतु दोहोंच्या मांडणीमुळे हाड दोहोंपेक्षा पुष्कळ चिवट होते. लांब हाडाच्या टणक भागात सु. ०·२ मिमी. व्यासाच्या, लांबीच्या दिशेने मांडलेल्या नळकांड्यांसारख्या रचना असतात. हाड आडवे तोडू पाहणारा तडा या नळकांड्यांच्या सीमेशी येताच वळतो. त्याच्या मागे न तुटलेले तंतू दोन्ही काठ पुलाप्रमाणे धरून ठेवतात. त्यामुळे तडा जसजसा वाढतो तसतसा त्याला होणारा विरोधही वाढतो. हाडाचा भंग-चिवटपणा आरंभी सु. २ ते ५ एकक असून तडा वाढत असता तो याहून बराच अधिक होतो. वार्धक्यात कोलॅजेनमधील बंध बदलतात आणि ही क्षमता कमी होते. म्हणून वृद्धांची हाडे केवळ विरळ झाल्याने मोडत नाहीत, तर त्यांचा चिवटपणाही घटलेला असतो.

निसर्गात अशी इतर उदाहरणेही आहेत. दातावरील दंतवल्कात सु. ९६% खनिज असते व त्याला तडे जातात. पण दंतवल्क व दंतिन यांच्या सांध्याशी ते बहुधा थांबतात. शिंपल्याच्या मोतिया अस्तरात सु. ९५% ॲरॅगोनाइट हे खनिज असून त्याच्या सु. अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या विटांप्रमाणे रचलेल्या व प्रथिनाने सांधलेल्या असतात. हे अस्तर तोडण्यास लागणारी ऊर्जा शुद्ध खनिजाच्या मानाने सु. ३,००० पट असते. वाळवंटी टोळाच्या पंखातील आडव्या शिरा तडा अडवितात व पंखाचा चिवटपणा सु. ५०% वाढवितात, असे डब्लिन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले. दोन शिरांमधील अंतर पडद्याच्या क्रांतिक तड्याशी जुळते, ही त्यातील लक्षणीय बाब होय.

हाडातील शिणवट्याचे पहिले वर्णन प्रशियन लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये केले. लांब कूच केल्यावर सैनिकांची पावले सुजून दुखत; क्ष-किरणांच्या शोधानंतर १८९७ मध्ये हा पावलाच्या लांब हाडांचा भंग असल्याचे दिसून आले. धावपटू, नर्तक व नवे सैनिक यांच्यात तो आजही आढळतो. जोरदार हालचालींत हाडाची विकृती सु. ०·२ ते ०·३% पर्यंत जाते आणि त्यामुळे सूक्ष्म तडे पडतात. एच्. एम्. फ्रॉस्ट यांनी १९६० मध्ये मानवी बरगडीत असे तडे दाखविले. तड्यामुळे तेथील अस्थिकोशिकांना इजा झाली की अस्थिशोषक कोशिका तो भाग पोखरून काढतात व मागोमाग अस्थिजनक कोशिका तेथे नवे हाड भरतात. एका जागी ही दुरुस्ती पुरी होण्यास तीन-चार महिने लागतात. पोखरणे आधी व भरणे नंतर होत असल्याने मध्यंतरी हाड तात्पुरते दुर्बल असते. म्हणून अचानक वाढविलेल्या सरावानंतर काही आठवड्यांनी भंगाचा धोका सर्वाधिक असतो. विश्रांती हाच यावरील मुख्य उपाय असून तिचा अर्थ तड्याच्या वाढीपेक्षा दुरुस्तीचा वेग अधिक होऊ देणे, असा आहे.

अस्थिविरलतेवरील काही औषधे हाड पोखरण्याची क्रिया रोखतात. त्यांनी खुब्याचे व मणक्यांचे नेहमीचे भंग कमी होतात. परंतु दीर्घकाळ सेवनाने सूक्ष्म तड्यांची दुरुस्तीही मंदावते व क्वचित् मांडीच्या हाडाच्या दांड्याचा आडवा भंग अल्पशा आघाताने होतो, असे २००५ नंतर दिसून आले. औषधाचा एकूण लाभ या धोक्यापेक्षा बराच मोठा असल्याने ते वर्ज्य न करता ठराविक वर्षांनंतर त्याचा फेरविचार करतात.

कृत्रिम अवयव : शरीरात बसविलेल्या धातूच्या भागांना शिणवट्याचा विशेष धोका असतो. चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सु. अडीच ते तीन पट भार येतो व अशी सु. १० लाख आवर्तने वर्षाला होतात. मोडलेले हाड धरून ठेवणारी पट्टी ही तात्पुरती असते; हाड वेळेत सांधले नाही, तर पट्टीच शिणून मोडते. म्हणून शल्यचिकित्सक या स्थितीला हाडाचे सांधणे व पट्टीचे मोडणे यांतील शर्यत मानतात. पोलाद हाडाच्या दहापटीहून अधिक ताठर असल्याने ते स्वतःच बहुतेक भार घेते व भाररहित झालेले हाड विरळ होते. याबाबतीत टायटॅनियमाच्या मिश्रधातू अधिक सोयीस्कर आहेत.

हृदयाचे ठोके वर्षाला सु. ३·७ कोटी होतात. म्हणून रोहिणीत बसविण्याच्या जाळीदार नळीची (स्टेंटची) परीक्षा १० वर्षांच्या बरोबरीने सु. ४० कोटी आवर्तनांपर्यंत घेतात. १९७९ ते १९८६ या काळात सु. ८६,००० रुग्णांना बसविलेल्या एका प्रकारच्या कृत्रिम झडपेची तार वितळजोडापाशी शिणवट्याने तुटत असे. ६०० हून अधिक झडपा अशा मोडल्या व त्यांतील सु. दोन तृतीयांश रुग्ण दगावले. शरीरातील भाग यंत्राप्रमाणे सोडवून तपासता येत नसल्याने येथे अभिकल्प व निर्मिती यांतील काळजीला पर्याय नाही.

आधुनिक संशोधन : पोलादाची शिणवटा-मर्यादा अबाधित असते, हा समज जपानमधील व फ्रान्समधील प्रयोगांनी बदलला आहे. उच्च सामर्थ्याची पोलादे १ कोटी आवर्तनांनंतरही, पृष्ठभागाऐवजी आतील परकीय कणापासून निघालेल्या तड्याने मोडू शकतात. चूर्णापासून थरावर थर चढवून बनविलेल्या धातूच्या भागांत राहणारी सूक्ष्म छिद्रे ही याच कारणाने चिंतेची बाब आहे. हाड व शिंपला यांच्या रचनेचे अनुकरण करून चिवट मृत्तिका पदार्थ बनविण्याचे प्रयत्न चालू आहेत. इलिनॉय विद्यापीठात २००१ मध्ये असे बहुवारिक बनविण्यात आले की, तडा जाताच त्यातील सूक्ष्म कुप्या फुटून त्यांतील द्रव तडा भरून काढतो व चिवटपणाचा सु. तीन चतुर्थांश भाग परत मिळतो. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने स्वतःच्या भेगा चुन्याने बुजविणारे काँक्रीट विकसित करण्यात आले. २०२३ मध्ये प्लॅटिनमाच्या अतिसूक्ष्म कणांच्या पातळ पापुद्र्यात शिणवट्याचा तडा निर्वातात आपोआप सांधला गेल्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मात्र हवेत व मोठ्या आकाराच्या भागांत याचा उपयोग होईल, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद १९६५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे प्रथम भरली. तिचे सहावे अधिवेशन १९८४ मध्ये नवी दिल्ली येथे झाले. भारतात बंगलोर येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, जमशेटपूर येथील राष्ट्रीय धातुवैज्ञानिक प्रयोगशाळा व कल्पाक्कम येथील अणुसंशोधन केंद्र या संस्थांत अनुक्रमे विमानांचे भाग, पोलादे आणि उच्च तापमानाच्या अणुभट्ट्यांतील पदार्थ यांच्या शिणवट्यासंबंधी संशोधन होते. जुने पूल, विमाने व विद्युत् निर्मिती केंद्रे त्यांच्या मूळ ठरलेल्या आयुष्यापलीकडे वापरण्याचा प्रश्न सर्वच देशांपुढे असल्याने तड्याची वाढ व उरलेले आयुष्य यांचा अंदाज बांधणे, हा या संशोधनाचा मुख्य व्यावहारिक हेतू बनला आहे.